नंबरवाले इंग्लिश वाक्प्रचार: होमस्टे, बोट आणि शिपवरच्या नोकरीसाठी नव्याने शिकणाऱ्यांना

देवबागला आमच्याकडे ऑक्टोबरात इंग्लंडचं एक वयस्कर जोडपं राहायला होतं. सकाळी डॉल्फिन बघायला जायचं ठरलेलं, बोट लावून तयार, आणि आजोबांनी डोंगराच्या बाजूला आभाळ बघितलं आणि म्हणाले, "टेन टू वन इट विल रेन." बोटीवरच्या पोराने लगेच मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि धावत स्वयंपाकघरात माझ्याकडे आला, "काकी, ह्येंका पावसाचो टायम कसो काय म्हायती? बारा पन्नासाक येतलो म्हणतत!"

त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं. शाळेत त्याला टेन टू वन म्हणजे एकाला दहा कमी असंच शिकवलंय आणि ते बरोबरच आहे, कोणी वेळ विचारली आणि उत्तर टेन टू वन आलं तर बारा पन्नासच. पण इथे वेळ कोणी विचारलीच नव्हती. आजोबा पैजेच्या भाषेत बोलत होते, म्हणजे तू एक रुपया लाव मी दहा लावतो इतकी मला खात्री आहे, पाऊस येणारच. त्या दिवसापासून संध्याकाळी पडवीत जी मुलं माझ्याकडे इंग्लिश बोलायला शिकायला बसतात त्यांना मी हे नंबरवाले वाक्प्रचार वेगळे शिकवते, कारण आपली मुलं बाकी शब्द अडला तर विचारतात पण आकडा ऐकला की त्यांना वाटतं हे आपल्याला येतं, आणि तिथेच फसतात. जसं शिकवते तसंच क्रमाने इथे लिहितेय.

पायरी १: आकडा मोजलेला आहे की नुसता बोलण्यातला, ते आधी ठरवा

हे आपण मराठीत रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. "चार लोक काय म्हणतील" म्हटल्यावर कोणी पाचवा कुठे गेला म्हणून विचारतं का? बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस म्हणजे गावांची यादी नसते. घरात सामानाचे तीनतेरा वाजले म्हणजे घड्याळात काही वाजलेलं नसतं. इंग्लिशवाले पण अगदी हेच करतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे एका पाहुण्या बाईंना फार छान समजावलं होतं. बाई विचारत होत्या की तुमच्या भाषेत आहेत का असे नंबर, तर तिने माडाच्या झावळीचा एक हीर घेतला आणि ओल्या वाळूत मोठा ३६ काढला, मग तीन आणि सहा दोघांवर बोट ठेवून दाखवलं की हे दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत, म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा. बाई दोन मिनिटं त्या आकड्याकडे बघत उभ्या होत्या, लाट येऊन पुसेपर्यंत. आता हेच तुम्ही शब्दाला शब्द लावून इंग्लिशमधे सांगितलं तर समोरच्याला काही कळणार नाही कारण त्यांचा तीन आणि सहा तसा दिसतच नाही. म्हणजे आकडा त्या त्या भाषेच्या लिपीला, खेळाला, बाजाराला बांधलेला असतो, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

ओळखायची सोपी खूण अशी की आकड्यापुढे खरोखर मोजता येईल अशी वस्तू आहे का आणि आत्ता ती मोजायची गरज आहे का. टू रूम्स, थ्री नाइट्स, फोर प्लेट्स सुरमई, हे मोजायचं. फोर्टी विंक्स, म्हणजे छोटी डुलकी, म्हटलं तर पापण्या किती वेळा मिटल्या ते कोण मोजणार, म्हणजे बोलण्यातला आकडा.

पायरी २: ज्यांची जुळी भावंडं मराठीत आहेत ती आधी पाठ करा

ही फुकटात मिळतात. किल टू बर्ड्स विथ वन स्टोन म्हणजे एका दगडात दोन पक्षी, आकड्यासकट तेच. इट टेक्स टू टू टँगो म्हणजे टाळी एका हाताने वाजत नाही. टूज कंपनी थ्रीज अ क्राउड म्हणजे आपलं तीन तिघाडा काम बिघाडा, पण जरा फरक आहे, आपलं कामाबद्दल आहे आणि त्यांचं बहुतेक वेळा प्रेमात पडलेल्या दोघांमधे घुसलेल्या तिसऱ्याबद्दल असतं. टू-फेस्ड म्हणजे दुतोंडी. वन इन अ मिलियन म्हणजे लाखात एक, फक्त मिलियन म्हणजे दहा लाख, तेव्हा त्यांनी आपल्यापेक्षा दहापट कौतुक केलं असं समजा.

मला सगळ्यात आवडतो तो नाइन डेज वंडर. आपण म्हणतो नव्याचे नऊ दिवस आणि तिकडे साता समुद्रापलीकडे पण बरोब्बर नऊच दिवस, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या यांना झोपेतून उठवून सांगितलं होतं. वापरताना एवढंच लक्षात ठेवा की आपण नव्या नवलाईबद्दल बोलतो, ते त्या गोष्टीलाच नाइन डेज वंडर म्हणतात जिची थोडे दिवस चर्चा होते आणि मग सगळे विसरतात.

अ डाइम अ डझन हा अमेरिकन. डाइम म्हणजे त्यांचं दहा सेंटचं नाणं, दहा सेंटला डझनभर, म्हणजे आपलं पैशाला पासरी.

पायरी ३: बाकीचे चित्र डोळ्यासमोर आणून शिका, आणि चित्र आपल्याच किनाऱ्यावरचं घ्या

नुसता अर्थ घोकला तर आठ दिवसांत जातो, हे मी पाहिलंय. चित्र राहतं.

अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन. वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात. हे समजायला आपल्या पोरांना शिंप्याकडे जायची गरज नाही, किनाऱ्यावर सावलीत बसून जाळं शिवणारे म्हातारे रोज दिसतात. मी एकदा शेजारच्या तात्यांकडे बसून बघितलं, एक डोळा तुटला होता, म्हणजे बोटभर भोक, त्यांनी चपटी प्लॅस्टिकची सुई घेतली, नायलॉनचा दोरा आत-बाहेर केला, गाठ आवळली, दातांनी तोडला, संपलं. म्हणाले आज ठेवला असता तर उद्या ओढताना बाजूचे चार गेले असते आणि परवा हात जाईल एवढं भगदाड. हीच ती म्हण. ही छापलेली सापडते टॉमस फुलर यांच्या १७३२ च्या म्हणींच्या संग्रहात, तिथे शब्दरचना जरा वेगळी आहे, एक टाका नऊ वाचवू शकतो अशी. नऊच का, तर टाइम आणि नाइन कानाला जुळतात, बाकी आठ वाचले काय दहा वाचले काय.

थ्री शीट्स टू द विंड म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. इथे शीट म्हणजे चादर नाही आणि शीड पण नाही, शीट म्हणजे शिडाच्या कोपऱ्याला बांधलेली दोरी जिने शीड ताणून धरतात. तीन दोऱ्या सुटून वाऱ्यावर फडफडायला लागल्या की शीड वारा धरत नाही आणि होडी डुलत डुलत कुठेही जाते, तसा तो माणूस चालतो. आमच्याकडच्या जुन्या लोकांनी शिडाच्या होड्या चालवल्यात, त्यांना हे एका वाक्यात पटतं. दर्यावरचा अजून एक म्हणजे डीप सिक्स, एखादी गोष्ट डीप सिक्स केली म्हणजे कायमची टाकून दिली, बुडवून टाकली. सहा म्हणजे सहा फॅदम, एक फॅदम सहा फूट, म्हणजे ३६ फूट पाणी. फॅदम म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरून दोरी मोजतात ती.

फोर्टी विंक्स म्हणजे दुपारची छोटी डुलकी. कोकणात हे समजावायला लागत नाही, पेज-भात-निस्त्याक खाऊन पडवीत आडवं झालं की होतं ते. पण रात्रभर झोपलो त्याला फोर्टी विंक्स म्हणायचं नाही, थोड्या वेळाचीच झोप.

ऑन क्लाउड नाइन आणि इन सेव्हन्थ हेवन, दोन्हीचा अर्थ प्रचंड आनंदात. आपल्याकडे त्याला स्वर्ग दोन बोटं उरणे असा काय सुंदर शब्द आहे, तोच मनात धरा. त्यांच्याकडे सातव्या स्वर्गाची कल्पना जुन्या ज्यू आणि इस्लामी परंपरेतली आहे, स्वर्गाचे सात थर आणि सातवा सगळ्यात वरचा.

द इलेव्हन्थ अवर म्हणजे अगदी शेवटची घटका, ऐनवेळ. बरीच मुलं रात्रीचे अकरा असं धरून चालतात. हे आलंय बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातून, द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर मजूर आणत राहतो आणि शेवटचे आणतो ते अकराव्या तासाला. तेव्हा तास सूर्योदयापासून मोजायचे, दिवसाचे बारा, म्हणजे अकरावा तास आपला संध्याकाळचा पाचचा सुमार, दिवस मावळायला एकच तास बाकी. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माटवीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या सजावटीचं, सामान आणायला बाजारात पळणारा माणूस म्हणजे इलेव्हन्थ अवरवाला, असं मी सांगते.

डझनाचं कुटुंब वेगळं करून शिका, आंब्यामुळे डझन आपल्या रक्तातच आहे. सिक्स ऑफ वन, हाफ अ डझन ऑफ दि अदर, म्हणजे इकडून सहा तिकडून अर्धा डझन, एकच की, दोन्हीत काही फरक नाही. बेकर्स डझन म्हणजे १३. इंग्लंडमधे १२६६ च्या सुमाराला पाव आणि बिअरच्या वजना-भावाचा कायदा होता, पाव कमी भरला तर बेकरीवाल्याला शिक्षा, म्हणून बाराला एक वर टाकायचे अशी त्याची गोष्ट सांगतात. देवगडचा आंबेवाला ओळखीच्या गिऱ्हाइकाला डझनावर एखादा जास्तीचा ठेवतो ना, तसं. टॉक नाइनटीन टू द डझन म्हणजे तोंडाचा पट्टा सोडणे, दुसरा बारा शब्द बोलेल तेवढ्या वेळात हा एकोणीस बोलतो.

ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स म्हणजे सावळा गोंधळ, कोणाला काही कळत नाहीये अशी अवस्था. चौदाव्या शतकापासून आहे इंग्लिशमधे, चॉसर या जुन्या इंग्लिश कवीच्या कवितेत पण सापडतो, आणि मूळ फाशांच्या खेळातलं मानतात. हे वाचल्यावर मला आपला पोबारा आठवला, तो पण फाशांतलाच ना, पौ आणि बारा, आणि आपण तो पळून गेलेल्या माणसाला चिकटवला. फासे कुठलेही असोत, भाषेत येऊन पडतातच.

हाइंडसाइट इज ट्वेंटी ट्वेंटी. होऊन गेल्यावर सगळं स्वच्छ दिसतं, आपली पश्चातबुद्धी. क्रिकेटशी संबंध नाही! डोळ्यांच्या तपासणीत मोठ्या अक्षरापासून बारीक होत जाणारा तक्ता असतो, तो नेदरलँड्सच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ मधे काढला, तिकडे वीस फुटांवर उभं करून वाचायला लावतात म्हणून चांगली नजर २०/२०. आपल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ६/६ असतं, कारण आपण मीटरमधे मोजतो आणि सहा मीटर म्हणजे जवळपास वीस फूट. चष्म्याची चिठ्ठी घरात असेल तर काढून बघा.

कॅच ट्वेंटी टू. हा जोसेफ हेलर यांच्या १९६१ च्या कादंबरीच्या नावावरून आलाय. आपली मुलं लिहितात, इकडे आड तिकडे विहीर, ते जवळ जातं पण पूर्ण बसत नाही, कारण कॅच ट्वेंटी टूमधे दोन संकटं नसतात, एक वर्तुळ असतं. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. ह्याला बरोब्बर बसणारी म्हण आजी म्हणायची, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. ही सापडली तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे चेहरे खुलले, दोघंही तेव्हा पहिली नोकरी शोधत होते आणि त्यांना त्यांच्या अडचणीला दोन भाषांत नाव मिळालं.

पायरी ४: फसवे ओळखा

टेन टू वन वर सांगितलाच. दुसरा सेकंड टू नन. एका पाहुण्याने जाताना आमच्या वहीत लिहिलं की तुमची माशाची कढी सेकंड टू नन आहे, आणि स्वयंपाक करणारी आमची वहिनी सेकंड शब्द वाचून गप्प झाली, तिला वाटलं दुसरा नंबर दिला. मी तिला बसवून सांगितलं की अगो, दुसरी नाही, कोणाच्याच मागे नाही असं लिहिलंय, हिच्यापुढे कोणीच नाही. मग तिने ते पान मोबाईलवर फोटो काढून माहेरी पाठवलं.

नॉक समवन फॉर सिक्स. आपण क्रिकेटवेडे, सिक्स म्हटलं की चांगलंच काहीतरी. पण इथे तुम्ही बॅट्समन नाही, बॉल आहात. द न्यूज हिट हिम फॉर सिक्स म्हणजे ती बातमी ऐकून तो पार कोलमडला. अशा वेळी हसून काँग्रॅट्स म्हणालात तर फार वाईट दिसेल, म्हणून हा एक नक्की लक्षात ठेवा.

द होल नाइन यार्ड्स म्हणजे सगळंच्या सगळं, काही बाकी न ठेवता. नऊवारीशी ह्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत जुन्या छापील मजकुरात होल सिक्स यार्ड्स असंही मिळतं, म्हणजे त्यांनाच आकड्याचं पक्कं नव्हतं आणि उगमाबद्दल तिकडचे अभ्यासक अजून भांडतात. पण लक्षात ठेवायला नऊवारी धरली तर माझी हरकत नाही, पूर्ण नऊ वार नेसली तरच नेसणं पूर्ण.

टेक फाइव्ह म्हणजे पाच मिनिटं विश्रांती घ्या, पाच काहीतरी उचला असं नाही. आणि क्रूझवर किंवा अमेरिकन किचनमधे नोकरीला जाणाऱ्यांनी एटी सिक्स शिकूनच जा: शेफ ओरडला एटी सिक्स द सामन, तर सामन मासा संपला, ऑर्डर घेऊ नका. ८६ प्लेट करायला घेऊ नका. माणसाबद्दल म्हटलं तर त्याला बाहेर काढा, पुन्हा आत घेऊ नका.

पायरी ५: बोलणारा कुठला ते बघा

नाइनटीन टू द डझन, नॉक फॉर सिक्स, सिक्सेस अँड सेव्हन्स हे ब्रिटिशांच्या तोंडी जास्त. डाइम अ डझन, नाइन यार्ड्स, एटी सिक्स अमेरिकन. तिसऱ्या वेळी जमेल म्हणायला ब्रिटिश म्हणतात थर्ड टाइम लकी, अमेरिकन म्हणतात थर्ड टाइम्स द चार्म. प्लीड द फिफ्थ, म्हणजे मी ह्यावर बोलणार नाही, हा अमेरिकेच्या घटनेतल्या पाचव्या दुरुस्तीवरून आलाय, १७९१ ची, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही असं ती सांगते. एवढ्यावर जास्त वेळ घालवू नका, दोघांनाही दोन्हीकडचं बहुतेक कळतं.

पायरी ६: वहीत लिहा, पण अशी लिहा

एका पानावर एकच. वर वाक्प्रचार, मधे मराठी भावंडं किंवा चित्र, खाली तुमच्या घरातलं एक खरं वाक्य. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका, "माझा भाऊ जेवल्यावर फोर्टी विंक्स घेतो" हेच चालेल, हेच टिकतं. आठवड्याला दोन पुरेत. मोठ्याने म्हणा, कारण हे कानाने शिकायचं काम आहे.

आकडा बदलायचा नाही. क्लाउड टेन नाही, फिफ्टी विंक्स नाही. आपण छत्तीसच्या जागी सदतीसचा आकडा म्हटलं तर कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं. अनेकवचन पण तसंच ठेवा, सिक्सेस अँड सेव्हन्समधला शेवटचा आवाज गिळू नका.

आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने नुसतं ऐकून ओळखा, पाहुण्यांशी बोलताना स्वतः वापरू नका. समजणं आधी लागतं, बोलणं नंतर आलं तरी कोणाचं काही अडत नाही. समजलं नाही तर सरळ विचारा, सॉरी, इज दॅट द टाइम ऑर अ सेइंग? बोटीवरच्या त्या पोराला मी हेच एक वाक्य शिकवलं आणि तो आता ते इतकं सहज विचारतो की पाहुणे खूश होऊन अजून दोन सांगून जातात.

पायरी ७: कुठे अजिबात वापरायचे नाहीत

बिल, भाव, बोट सुटायची वेळ, लाइफ जॅकेट किती, ह्या सगळ्यात आकडा म्हणजे आकडाच. टेन टू वन तोंडाने सांगू नका, ट्वेल्व्ह फिफ्टी सांगा आणि पाटीवर १२:५० लिहून दाखवा. पाहुण्याने मेसेजमधे काही मोघम लिहिलं, कपल ऑफ डेज वगैरे, तर कपल म्हणजे मूळ दोन पण लोक दोन-तीन दिवसांसाठी पण वापरतात, तेव्हा बुकिंग धरायच्या आधी तारखा विचारून घ्या.

आणि जी मुलं शिपवर जायची तयारी करतायत त्यांच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. मेसमधे, डेकवर गप्पा मारताना हे वाक्प्रचार कानावर पडतील, खुशाल शिका. रेडिओवर मात्र एकही नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २००१ मधे ठरावीक सागरी वाक्यांचा संच मंजूर केलाय, एसएमसीपी म्हणतात त्याला, फिलिपिन्सचा, युक्रेनचा, रत्नागिरीचा, कुठलाही माणूस असला तरी एकमेकांचं एकच समजावं म्हणून. त्यात आकडे सुटे सुटे बोलायचे असतात, वन हंड्रेड अँड फिफ्टी नाही, फिफ्टी आणि फिफ्टीन वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. १५० असेल तर वन, फाइव्ह, झिरो. पडवीत आम्ही दोघा-दोघांच्या जोड्या करून हीच प्रॅक्टिस करतो, एक जण माडापाशी आणि एक जण विहिरीपाशी, मधे समुद्राचा आवाज, आणि पलीकडच्याने तिन्ही आकडे परत म्हणून दाखवले तरच पुढचा द्यायचा.